बंद इंजिनातलं खारं पाणी



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे विषय मांडले गेले. मी आज बोलणार आहे तो हातभर लांबीच्या एका वाकड्या नळीबद्दल. नौकेचं इंजिन जो धूर बाहेर टाकतं, त्या धुरात समुद्राचं पाणी सोडून त्याला थंड करणारी ही नळी. आपण तिला एल्बो म्हणतो. ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी किनाऱ्यावरच्या मुलांना आयुष्यभर विज्ञान शिकवलं. उष्णता, दाब, सायफन आणि गंज हे त्यांचे चार धडे या एका नळीत एकत्र भेटतात. त्यामुळे विषय निवडायला मला वेळ लागला नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ही यंत्रणा खराब होते ती बहुतेक वेळा इंजिन बंद असताना. नौका धक्क्याला लागलेली असते, खलाशी घरी गेलेले असतात, आणि त्या शांततेत खारं पाणी आपलं काम करत असतं. आपण मात्र तिच्याकडे लक्ष देतो ते इंजिन चालू असताना: मागून पाणी पडतंय का, काटा वर चढलाय का, धूर कसा आहे. ही काळजी योग्यच आहे, पण अर्धी आहे. उरलेल्या अर्ध्याबद्दल मला आज बोलायचं आहे.

सुरुवात उष्णतेपासून करू. डिझेल जाळल्यावर त्यातली जेमतेम एक तृतीयांश शक्ती पंख्यापर्यंत पोहोचते. साधारण तेवढीच उष्णता इंजिनाच्या पाण्यात आणि अवतीभवती जाते, आणि उरलेली तेवढीच धुराबरोबर बाहेर पडते. हे प्रमाण इंजिनागणिक थोडं बदलतं, पण फार नाही. आता १०० अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण जोरात चालतंय असं समजा. तासाला साधारण २० किलो डिझेल जळेल. प्रत्येक किलोमागे २५ किलोच्या आसपास हवा आत ओढली जाईल. म्हणजे तासाला सुमारे ५०० किलो वायू त्या नळीतून बाहेर पडणार, आणि तोही ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला. हा वायू ८० अंशांवर आणायचा तर त्यातून साठ-पासष्ट किलोवॉट उष्णता काढून घ्यावी लागते. घरी न्हाणीघरात २ किलोवॉटचा गीझर असतो ना? तसे तीस गीझर एकदम चालू केल्यावर जेवढी उष्णता निघेल, तेवढी ही.

मग पाणी किती लागेल? पंप मिनिटाला १०० लिटर पाणी देत असेल, तर एवढी उष्णता पोटात घेऊनही ते पाणी नऊ-दहा अंशांनीच तापतं. पाण्याची उष्णता सामावून घेण्याची ताकद अशी विलक्षण आहे. ५०० अंशांचा धूर आणि साधा रबरी पाईप एकमेकांना लागून शांतपणे नांदतात ते या पाण्याच्या जोरावर. पण आपल्याकडे समुद्राचं पाणीच २८-३० अंशांचं असतं, आणि एल्बोत पोहोचण्याआधी ते इंजिनाचा कूलर थंड करून थोडं तापून आलेलं असतं. अशात पंपाचा प्रवाह दहाव्या हिश्श्यावर आला तर काय होईल? तेच पाणी उकळू लागेल. पाणी पूर्ण थांबलं तर त्या रबरी पाईपाला वाचवणारं काहीच उरत नाही. पाईप आधी मऊ पडतो, मग जळतो, मग फाटतो. फाटल्यावर धूर आत आणि समुद्रही आत, कारण तो पाईप नौकेच्या मागच्या बाजूला एका भोकातून बाहेर निघतो आणि ते भोक पाण्यापासून फार उंच नसतं.

आता या पाण्याचा प्रवास थोडक्यात. तळाच्या कॉकमधून पाणी आत येतं, जाळीतून गाळून पंपात जातं, पंपातून कूलरमध्ये. तिथे ते इंजिनात फिरणाऱ्या गोड्या पाण्याची उष्णता घेतं आणि शेवटी एल्बोत येऊन धुरात मिसळतं. पुढे पाणी आणि धूर मिळून सायलेन्सरमध्ये जातात, आणि तिथून धुराचाच दाब पाण्याला वर ढकलून नौकेबाहेर टाकतो. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. पाणी बाहेर ढकलतो तो धुराचा दाब. धूर नसेल तर पाणी तिथेच बसून राहतं. पुढे याच्यावर बरंच काही अवलंबून आहे.

आपल्या किनाऱ्यावर सगळ्याच नौकांना अशी ओली नळी नसते. पुष्कळ नौकांचा धूर कोरड्या पाईपातून सरळ वर जातो. त्या पद्धतीलाही मोठी परंपरा आहे. १९१२ साली कोपनहेगनच्या बर्माइस्टर अँड वाइन या कारखान्याने बांधलेलं ‘सेलांडिया’ हे महासागरावर फिरणारं डिझेल जहाज निघालं, तेव्हा त्याला धुराडंच नव्हतं. धूर डोलकाठीतून वर नेला होता. बंदराबंदरांतले लोक ते बिनधुराड्याचं जहाज बघायला जमत. कोरड्या पाईपाला खाऱ्या पाण्याची भीती कमी, पण आगीची जास्त. मोठ्या जहाजांसाठीच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियमांत २२० अंशांच्या वर तापणारा आणि इंधन उडू शकेल असा प्रत्येक पृष्ठभाग आच्छादलेला असावा असं म्हटलं आहे. हा आकडा हवेतून आलेला नाही. डिझेल साधारण २१० अंशांपासून पुढे ठिणगीशिवायही पेटू शकतं. तेव्हा कोरड्या पाईपावरचं आवरण फाटलेलं असेल, डिझेलने भिजलेलं असेल, तर ते आवरण नसून काकडा आहे. आणि जुन्या नौकांच्या पाईपांवर ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळलेली असू शकते. ती कोरडी खरवडू नका. तिची धूळ फुप्फुसात गेली की कायमची राहते. जाणत्या माणसाकडून, ओली करून, तोंड झाकून काढून घ्या आणि काचतंतूचं किंवा सिरॅमिकचं आवरण घाला. कोरड्या पाईपाबद्दल इतकंच. आज माझा विषय ओली नळी आहे.

तर, इंजिन बंद झाल्यावर काय होतं?

नौका धक्क्याला लागते, तांडेल इंजिन बंद करतो. पंप थांबतो, पण एल्बोचं लोखंड अजून तापलेलंच असतं. आतल्या भिंतीवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर असतो. त्यातलं पाणी वाफ होऊन जातं आणि मीठ मागे राहतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. एका थांबण्यात पडणारा थर नगण्य. पण हंगामात नौका किती वेळा थांबते? प्रत्येक वेळी एक थर. त्यावर काजळी बसते, काजळीखाली ओल धरून राहते, आणि त्या ओलीत डिझेलमधल्या गंधकाचं आम्ल मिसळतं. गंधकाच्या बाबतीत एक चांगली गोष्ट घडली आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर जे डिझेल मिळतं, त्यात गंधक दहा लाख भागांत जास्तीत जास्त १० भाग इतकंच असतं. त्याआधीच्या टप्प्यात ते ५० भाग होतं, आणि त्याच्याही आधी कितीतरी जास्त. आम्ल कमी झालं. मीठ मात्र जितकं होतं तितकंच आहे.

आणि हे सगळं होतं आतून. बाहेरून एल्बो रंगवलेला, चकचकीत, नवा दिसतो. इथे टेबलावर मी दोन जुने एल्बो उभे चिरून ठेवले आहेत. एकाची भिंत जागोजागी कागदासारखी पातळ झाली आहे. दुसऱ्याचं तोंड काजळी, गंज आणि मिठाने इतकं भरलंय की त्यातून अंगठाही जाणार नाही. हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यात एल्बो फुटतो आणि पाणी जिथे जायला नको तिथे जातं. दुसऱ्यात धुराची वाट अडते, धूर इंजिनात परत दाबला जातो, इंजिन दमतं, काळा धूर सोडतं, डिझेल जास्त पितं. नाखवा म्हणतो, इंजिन जुनं झालं. मिस्त्री नोझल बदलतो, पंप खोलतो, टर्बो काढतो. एल्बो कुणी उघडत नाही. का उघडत नाही? कारण त्याचे बोल्ट गंजलेले असतात आणि एक तुटला तर दिवस जाणार, ही धास्ती. ती धास्ती खरी आहे. म्हणूनच तो दर वर्षी उघडायचा. दर वर्षी उघडलेला बोल्ट तुटत नाही.

जाळं ओढेपर्यंत, किंवा नुसतं जागेवर थांबण्यासाठी, इंजिन तासन्‌तास मंद गतीवर ठेवायची आपल्याकडे सवय आहे. मंद गतीवर धूर पुरेसा गरम नसतो, डिझेल पूर्ण जळत नाही आणि काजळी भराभर साठते. परतीच्या वाटेवर थोडा वेळ तरी इंजिनाला चांगल्या भाराखाली चालवलं तर त्यातली पुष्कळशी काजळी निघून जाते.

आता मी ज्या गोष्टीसाठी खरं तर इथे उभा आहे, तिच्याकडे येतो. पाणी उलटं फिरून इंजिनात येणं.

बहुतेक नौकांत इंजिन खोल बसवलेलं असतं. त्यामुळे एल्बोत पाणी सोडण्याची जागा पुष्कळदा बाहेरच्या समुद्राच्या पातळीच्या खाली किंवा तिच्या जेमतेम वर असते. इंजिन बंद केलं, पंप थांबला, कॉक उघडाच राहिला. पंपातल्या रबरी इम्पेलरची पाती झिजलेली असतील तर त्यांच्या फटीतून पाणी सरकत राहतं. बाहेर समुद्र उंच आहे, आत एल्बो खाली आहे. पाण्याला आणखी काय हवं? ते कूलरमधून एल्बोत येतं, एल्बोतून सायलेन्सरमध्ये. धूर नाही, म्हणून ढकलणारं कुणी नाही. सायलेन्सर भरतो. मग पाणी मागे चढतं, मॅनिफोल्डमध्ये येतं, आणि ज्या सिलिंडरची झडप उघडी राहिलेली असेल, त्यात उतरतं. पहाटे तांडेल चावी फिरवतो. डिझेल इंजिन हवेला पंधरा-अठरा पटींनी दाबतं. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन थांबतो, चक्राला थांबता येत नाही, आणि मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. पूर्ण हंगाम त्या एका क्षणात जातो.

याचा उपाय पाठ्यपुस्तकातला आहे. पाण्याची नळी एल्बोत जाण्याआधी एकदा कमानीसारखी उंच न्यायची आणि तिच्या माथ्यावर हवा आत घेणारी छोटी झडप बसवायची. इंजिन थांबलं की झडपेतून हवा शिरते आणि सायफन तुटतो. इंजिन बनवणारे सहसा असं सांगतात, की पाणी सोडण्याची जागा समुद्रपातळीपासून १५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंच असेल तर ही कमान बसवायलाच हवी, आणि तिचा माथा पातळीच्या वर निदान ३० सेंटिमीटर हवा.

पण समुद्रपातळी म्हणजे कुठली? इथेच आपल्या बंदरांतलं मोजमाप चुकतं. नौका किनाऱ्याला रिकामी असताना मिस्त्री माप घेतो. बर्फ भरल्यावर, टाक्या डिझेलने भरल्यावर, पिण्याचं पाणी आणि शिधा चढल्यावर ती नौका किती खाली बसते? आणि परतताना खण माशांनी भरलेला असतो तेव्हा? मापाची रेघ भरलेल्या नौकेवर मारायची. नाखवा मंडळींना माझी विनंती आहे: बर्फ भरून झाल्यावर, निघण्याच्या आधी, पाच मिनिटं खाली उतरा आणि बाहेरची पातळी आतल्या बाजूला खडूने आखून घ्या. मग ती कमान त्या रेघेच्या किती वर आहे ते बघा. आणि लाटेत नौका एका कुशीवर कलते, तेव्हा आडबाजूला बसवलेली कमान आणखी खाली जाते, हेही धरा. शक्य असेल तर ती नौकेच्या मधल्या रेषेजवळ आणा.

पाणी मागून येण्याचा दुसरा रस्ता म्हणजे धूर बाहेर पडण्याचं भोक. ऑगस्टमध्ये हंगाम उघडतो तेव्हा समुद्र अजून पूर्ण शांत झालेला नसतो. खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा, त्यावर फुटणारी लाट, आणि नौका आत येते ती लाट पाठीवर घेऊन. अशा वेळी इंजिन बंद पडलं तर मागची लाट सरळ त्या भोकात घुसते. म्हणून पाईप बाहेर पडण्याआधी आत एकदा चांगला उंच गेलेला असला पाहिजे. नुसती रबरी पट्टी लावून ती लाट अडत नाही.

तिसरा रस्ता आपण स्वतः उघडतो. इंजिन लगेच सुरू होत नाही म्हणून स्टार्टर दाबून धरतो, पुन्हा दाबतो, पुन्हा दाबतो. दर वेळी पंप फिरतो आणि सायलेन्सरमध्ये पाणी टाकतो, पण धूर नाही म्हणून ते बाहेर पडत नाही. इंजिन अडून बसलं असेल तर कॉक बंद करा, मग स्टार्टर मारा, आणि इंजिनाने पकड घेतली की ताबडतोब कॉक उघडा. विसरण्याची भीती वाटते? मग इंजिनाची चावी कॉकच्या दांड्याला टांगायची सवय लावा. चावी घ्यायला वाकलात की कॉक आठवतो.

आणि इंजिनात पाणी गेलंच तर? पुन्हा स्टार्टर मारू नका. नोझल काढा, चक्र हाताने फिरवा, पाणी बाहेर पडू द्या. तेल बदला, थोडं चालवा, पुन्हा बदला, पांढुरका रंग जाईपर्यंत बदलत राहा. हे त्याच दिवशी करायचं. खारं पाणी सिलिंडरमध्ये एक रात्र राहिलं तरी गंज सुरू होतो, आणि चार दिवसांत तो भिंत खातो.

आता देखभालीकडे. आपल्या राज्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात, शाकारल्या जातात. तळाला रंग होतो, लाकडाला तेल होतं, जाळी दुरुस्त होतात. इंजिनाचं काम मात्र नारळी पौर्णिमा तोंडावर आली की मिस्त्र्याच्या दारात रांग लावून होतं. माझं म्हणणं उलटं आहे. इंजिनाचं काम बंदीच्या पहिल्या आठवड्यात करा. कारण सरळ आहे. पूर्ण हंगामाचं मीठ त्या नळ्यांत ओलं बसलेलं आहे आणि दोन महिने पावसाळी हवेत ते आतून खात राहणार आहे. नौका वर ओढली की लगेच गोड्या पाण्याने सगळी नळी धुऊन काढा, पाणी निथळवा, इम्पेलर बाहेर काढा. इम्पेलर पंपात तसाच राहिला तर त्याची पाती दोन महिने एकाच बाजूला वाकून राहतात आणि मग सरळ होत नाहीत. पुढच्या हंगामासाठी नवाच बसवा. जुना चांगला दिसला तर सुटा भाग म्हणून नौकेवर ठेवा. बसवताना ग्लिसरीन किंवा साबणाचं पाणी लावा. ग्रीस नको, त्यातलं तेल रबराला फुगवतं. आणि पाती मोजा. एखादं पातं तुटलेलं असेल तर तुकडा गेला कुठे ते शोधा. तो पुढे कूलरच्या तोंडाशी अडकलेला असतो आणि नवा इम्पेलर बसवूनही पाणी कमीच येतं. खाडीत ओहोटीला ज्या नौका गाळावर टेकतात त्यांचे इम्पेलर तर गाळ आणि वाळूनेच झिजतात. त्यांनी वर्षाची वाट बघू नये.

कूलरमधल्या नळ्यांत पांढरा कठीण थर बसतो. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, पण समुद्राच्या पाण्यातला चुना याच्या उलट वागतो. पाणी तापलं की तो बाहेर पडतो आणि गरम भिंतीवर चिकटतो. हा थर काढायला काही जण संडास धुण्याचं तीव्र ॲसिड ओततात. कृपा करून असं करू नका. ते चुन्याबरोबर ॲल्युमिनियमची झाकणं आणि झाळही खातं. यासाठी बनवलेलं सौम्य द्रावण वापरा आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा. कूलरमध्ये झिंकची एक कांडी असते. तिने झिजावं आणि बाकीच्या धातूंना वाचवावं, म्हणूनच ती तिथे असते. अर्धी झिजली की बदला. तिच्या आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळू नका, कारण धातूला धातू लागला नाही तर ती वाचवणार कशी? कांडी वर्षानुवर्षं जशीच्या तशी राहत असेल तर आनंद मानू नका, तपासा.

शेवटी बादली आणि घड्याळ घ्या. एल्बोला जाणारी पाण्याची नळी सोडवून बादलीत धरा आणि ठरलेल्या फेऱ्यांवर मिनिटाला किती लिटर पाणी येतं ते मोजा. इंजिनाच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडा आणि इंजिनखोलीतल्या फळीवर तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तेच मोजा. दोन आकड्यांतला फरक जे सांगतो ते कुणाचाही अनुभव सांगू शकत नाही.

सुधारणेचा विषय निघाला की सगळे विचारतात, स्टेनलेस स्टीलचा एल्बो घेऊ का? घ्या, पण समजून घ्या. बाजारात ३०४ नावाचं स्टील स्वस्त मिळतं, स्वयंपाकघरात ते उत्तम आहे. समुद्राला ३१६ हवं. त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठासमोर तेच टिकून राहतं. वेल्डिंग करायचं तर कमी कार्बनचं, ३१६ एल. चुंबक लावून या दोन्हींतला फरक कळत नाही, म्हणून पक्की पावती मागा. आणि ३१६ सुद्धा काजळीच्या थराखाली, जिथे हवा पोहोचत नाही तिथे, सुईच्या टोकाएवढ्या भोकांनी खाल्लं जातं. माझं मत स्पष्ट आहे. कधीच न उघडलेल्या महागड्या एल्बोपेक्षा जाड भिंतीचा, फ्लँजवर बसणारा, सहज सुटणारा साधा एल्बो चांगला. पितळेच्या फिटिंग्ज मात्र खाऱ्या पाण्यात अजिबात नकोत. पाणी त्यातलं जस्त ओढून घेतं, उरतं ते गुलाबीसर, ठिसूळ तांबं. चिमटीत धरलं तरी तुटतं. ब्राँझ वापरा.

पण धातूपेक्षा मोठा प्रश्न मापाचा आहे. गेल्या काही दशकांत आपल्या नौकांची इंजिनं वाढत गेली. जुनं काढून दुप्पट ताकदीचं बसवलं जातं, आणि धुराचा पाईप? तोच. सायलेन्सर? तोच. तळाचा कॉक? तोही तोच. धूर दुप्पट झाला की त्याच पाईपातला अडथळा चौपट होतो. इंजिन विकत घेतलं दुप्पट ताकदीचं आणि त्याच्या गळ्यावर जुनं बोट. उलट, व्यास वाढवला तर फायदाही तसाच मोठा मिळतो. तीन इंचाऐवजी चार इंची पाईप घातला तर तोच धूर जाताना अडथळा जवळजवळ एक चतुर्थांशावर येतो. तेव्हा इंजिनाचा सौदा ठरवताना त्याच कागदावर पाईप, सायलेन्सर, कॉक आणि जाळी लिहा. सायलेन्सर निवडताना इतकं बघा, की इंजिन थांबल्यावर चढत्या पाईपातलं सगळं पाणी खाली आलं तरी तो भरून वाहू नये.

अडथळा मोजायला महागडं यंत्र लागत नाही. एल्बोच्या आधी धुराच्या नळीत एक छोटं छिद्र पाडून आटे करा, त्याला तांब्याची नळी, आणि पुढे इंग्रजी यू आकारात वाकवलेली पारदर्शक नळी अर्धी पाण्याने भरून जोडा. पूर्ण भारावर दोन बाजूंच्या पाण्यात जितका फरक पडेल तितका दाब. एक मीटर पाणी म्हणजे जवळपास १० किलोपास्कल. इंजिनाच्या पुस्तकात मर्यादा दिलेली असते. शाळेतल्या मुलांनाही समजेल असं हे उपकरण आहे, आणि खरं तर बंदरावरच्या शाळांनी हा प्रयोग मुलांना धक्क्यावर नेऊन दाखवावा, असं मला फार वाटतं.

आणि एकाच गोष्टीवर पैसे खर्च करता येणार असतील तर? मग एल्बोनंतरच्या रबरी पाईपावर तापमानाचा संवेदक बांधा आणि त्याची घंटी तांडेलाच्या कानाशी लावा. इंजिनाच्या पाण्याचा काटा चढायला मिनिटं लागतात, आणि पाणीच संपलं असेल तर तो काटा कोरड्या हवेत उभा राहून सगळं ठीक आहे असं सांगत राहतो. जाळीत प्लास्टिकची पिशवी आली, जेलीफिश अडकली, इम्पेलर फाटला, काहीही झालं तरी हा पाईप काही सेकंदांतच तापू लागतो. इंजिन बंद करायला तेवढा वेळ पुरतो.

आता शेवटची गोष्ट. ती इंजिनाची नाही, माणसांची आहे. या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. पेट्रोलच्या तुलनेत डिझेलच्या धुरात तो कमी, हे खरं. पण त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून जास्त पटींनी घट्ट धरतो. खलाशी झोपतात कुठे? इंजिनखोलीला लागून किंवा तिच्या वर, पावसात झाकणं लावून. डोकं दुखतं, मळमळतं, आणि सगळे म्हणतात समुद्र लागला. ज्याचा जन्म समुद्रावर गेला त्याला अचानक समुद्र कसा लागेल? एकाच खोलीत झोपलेल्या दोघा-तिघांना एकाच वेळी हे झालं तर त्यांना आधी मोकळ्या हवेत आणा. या वायूचा इशारा देणारं बॅटरीवरचं छोटं यंत्र बाजारात मिळतं. ते इंजिनखोलीत लावू नका, झोपायच्या जागेत, उशाच्या उंचीला लावा. रबरी पाईप समुद्री धुरासाठीच बनवलेला घ्या, गाडीच्या रेडिएटरचा चालणार नाही, आणि प्रत्येक टोकाला दोन-दोन स्टेनलेस क्लिपा आवळा. मोनॉक्साइडला वास नसला तरी त्याच्याबरोबर येणाऱ्या धुराला असतो. झोपायच्या जागेत तो वास येत असेल, किंवा एल्बोच्या खालच्या लाकडावर काजळीचा ओघळ दिसत असेल, तर त्या रात्री नौका बाहेर काढू नका. इंजिन गार होऊ द्या, पाना घ्या आणि पहिला बोल्ट सोडवा.

हे दोन एल्बो इथे टेबलावरच राहतील. मिस्त्री मंडळींनी पुढे यावं, हात लावून बघावं आणि प्रश्न विचारावेत.